कोंडलेल्या पाण्याचें ऋण

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या अपराधांचे सामान्यतः दोन प्रकार मानले जातात. एक बुद्धिपुरस्सर केलेल्या कृत्याचा आणि दुसरा कर्तव्य असतांना न केलेल्या कृत्याचा. पहिल्यास कायदा शासन करतो; दुसऱ्याची टोचणी ज्याच्या त्याच्या मनास लागते. परंतु आम्हांस अलीकडे असें वाटूं लागलें आहे कीं, ह्या दोहोंहून निराळा असा एक तिसरा प्रकार आहे, आणि सुखवस्तु व सज्जन म्हणविणाऱ्या माणसांच्या घरांत तोच अधिक आढळतो. त्यांत हेतु वाईट नसतो, टाळाटाळही नसते. मायेनें आणि नेमानें केलेल्या कृत्यांचाच गाळ हळूहळू सांठत जातो आणि एके दिवशीं त्याच्यापायीं कोणाचा तरी जीव जातो. असें झालें म्हणजे दोष कोणाचा मानावा, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों. विषय नीतिशास्त्राचा असला तरी त्याला निमित्त झालें तें अगदीं घरगुती आहे. तें म्हणजे आमच्या दिवाणखान्यांतील माशांची कांचेची पेटी.

ही पेटी आमच्या घरीं चार वर्षांपूर्वीं धाकट्या मुलीच्या हट्टाखातर आली. शंभर लिटर पाणी, तळाशीं बारीक खडे, कोपऱ्यांत अहोरात्र गुरगुरणारा फिल्टर आणि तीन गोल्डफिश, एवढा तिचा संसार. पाणी असें नितळ कीं येणाऱ्याजाणाऱ्यानें कौतुक करावें. मुलगी सकाळ-संध्याकाळ दाणे टाकी. आम्ही कॉलेजांतून परत आलों म्हणजे मासे कांचेशीं येऊन तोंडें हलवीत, तें पाहून आमच्याही हातून चिमूटभर पडे. आणि दुपारीं घरांत एकट्या असलेल्या आमच्या मातोश्रींना तर ते सदैव उपाशीच वाटत. पाणी आटून पातळी उतरली कीं बादलीभर ओतून ती पूर्ववत् करावी, आणि दोनतीन महिन्यांनीं, सवड सांपडली तर, निम्मेंअर्धें पाणी बदलावें, असा क्रम होता. मासे धष्टपुष्ट होते. ह्या मुक्या जिवांचा आपण उत्तम सांभाळ करीत आहों, ह्याविषयीं घरांत कोणासही शंका नव्हती.

गेल्या पावसाळ्यांत मुलीच्या वाढदिवसाला दोन नवे गोल्डफिश आणले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते तळाशीं कलंडून पडले होते व त्यांचे कल्ले भराभर हलत होते. संध्याकाळच्या आंत दोघेही मेले. जुने तिघे मात्र नेहमींसारखे फिरत होते. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविल्याचा अभिमान ह्या वेळीं आमच्या मदतीस धांवून आला. मिलच्या व्यतिरेकपद्धतीनें आम्हीं तत्काळ निर्णय केला: पाणी एकच, अन्न एकच, पेटी एकच, जुने जगले, नवे मेले, तेव्हां भेद जो कांहीं आहे तो माशांतच असला पाहिजे, आणि म्हणून दोष दुकानदाराचा. हा निर्णय आम्हीं दुकानांत जाऊन, चार गिऱ्हाइकांच्या देखत, बऱ्याच चढ्या आवाजांत ऐकविला. दुकानदार तरुण होता, पण शांत होता. तो म्हणाला, “सर, मासे बदलून देतों, त्याचें कांहीं नाहीं. पण आधीं तुमच्या घरचें थोडें पाणी आणा. तें पाहिल्याशिवाय दुसरे नेऊं नका, तेही मरतील.”

आम्ही बाटलीभर पाणी घेऊन गेलों. त्यानें तें एका लहान नळींत घेतलें, त्यांत दोन औषधांचे थेंब टाकून नळी चांगली हलविली, आणि कांहीं मिनिटें ती तशीच ठेवली. नायट्रेट नसेल तर पाणी पिवळें राहतें. तें जसजसें अधिक, तसतसा रंग नारिंगी व शेवटीं लाल होतो. जाणते लोक दर लिटरमागें वीस, फार तर चाळीस मिलिग्रॅमच्या खालीं नायट्रेट राखतात. आमच्या पाण्याचा रंग तक्त्यावरील १६० मिलिग्रॅमच्या शेवटच्या खुणेलाही मागें टाकून गेला होता. तो किती पुढें गेला होता हें सांगण्यास तक्त्यावर रंगच उरला नव्हता. दुकानदार एवढेंच म्हणाला, “तुमचे जुने मासे ह्या पाण्याबरोबर मुरत गेले, सर. माझे काल आले.” हें वाक्य बरोबर घेऊन आम्ही घरीं आलों, आणि त्यानंतर बरेच दिवस तें आमच्या मनांतून गेलें नाहीं.

आमचा तर्क चुकला कोठें, हें समजण्यासाठीं ह्या नायट्रेटाची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे. माशाच्या अन्नांत प्रथिनें असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारें सोळा टक्के भाग नायट्रोजनाचा असतो. त्यांतला थोडा माशाच्या अंगीं लागतो. बाकीचा बराचसा अमोनियाच्या रूपानें, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यांत येतो. न खाल्लेले दाणे कुजूनही तेंच होतें. अमोनिया हें जहाल विष आहे. त्याचा लिटरमागें एखादा मिलिग्रॅमही माशांस भारी पडतो. परंतु फिल्टरच्या स्पंजांत आणि तळच्या खड्यांवर सूक्ष्म जंतूंची वस्ती झालेली असते. त्यांतील कांहीं अमोनियाचें नायट्राईट करतात. तेंही विषच. दुसरे कांहीं नायट्राईटाचें नायट्रेट करतात. हें मात्र पुष्कळच सौम्य असतें, आणि येथें जंतूंचें काम संपतें. नायट्रेट पुढें कोठें जात नाहीं. फिल्टर तें अडवीत नाहीं, हवेंत तें उडून जात नाहीं, पाणी उकळलें तरी नाहींसें होत नाहीं. उलट पाणी आटलें कीं उरलेल्या पाण्यांत तें अधिक दाट होतें. त्याला रंग नाहीं आणि वास नाहीं.

ह्या शोधाचा इतिहास एका बापलेकांच्या जोडीशीं निगडित आहे, व तो आमच्या विषयास फार उद्बोधक आहे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनीं १८४९ सालीं बारा गॅलन, म्हणजे सुमारें पंचावन्न लिटर, पाण्याच्या एका पात्रांत दोन लहान गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा आणि माशांनीं तो घ्यावा, अशी ही मांडणी. कांहीं दिवसांनीं वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यांनीं पाच-सहा गोगलगायी आंत सोडल्या. गोगलगायींनीं कुजलेलीं पानें खाल्लीं, त्यांचीं अंडीं माशांस अन्न झालीं आणि पाणी पुन्हां स्वच्छ झालें. १८५० सालीं त्यांनीं हा वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढें मांडला. प्राणी आणि वनस्पति एकमेकांस सांभाळून घेतात, मनुष्यानें केवळ योग्य मंडळी एकत्र आणावी म्हणजे झालें, ही आशा तेव्हांपासून लोकांच्या मनांत रुजली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें आणि हां हां म्हणतां घरोघरीं अशा पेट्या दिसूं लागल्या.

त्यांचाच मुलगा, त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टन, पुढें रोथॅम्स्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत काम करूं लागला. १८७७ सालीं श्लेसिंग आणि म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें होतें कीं, सांडपाणी वाळूंतून झिरपतांना त्यांतील अमोनियाचें जें नायट्रेट होतें तें जिवंत जंतूंचें कार्य आहे. क्लोरोफॉर्मची वाफ दिली कीं तें थांबतें. धाकट्या वॉरिंग्टननें ह्याच विषयाचा अनेक वर्षें पाठपुरावा करून ही क्रिया दोन पायऱ्यांनीं होते हें सिद्ध केलें. ते जंतु वेगळे काढण्यांत मात्र त्याला यश आलें नाहीं. तें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञास आलें. आणि २०१५ सालीं असेंही आढळून आलें कीं, दोन्ही पायऱ्या एकट्यानें चढणारे जंतुही सृष्टींत आहेत. बापानें पात्रांत जें दिसत होतें त्याचा मेळ घातला. जें दिसत नव्हतें त्याचा माग मुलाला घ्यावा लागला. घरांच्या आणि समाजांच्या इतिहासांतही असेंच होतें, असें कोणास वाटल्यास आम्ही त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

आतां आमच्या तर्काकडे वळूं. जुने मासे आणि नवे मासे एकाच पाण्यांत होते, हें आमचें गृहीत होतें, आणि चूक तेथेंच होती. पाणी एकच होतें, परंतु त्या पाण्याशीं असलेला संबंध एक नव्हता. जुन्या माशांपुढें तें चार वर्षांत कणाकणानें बिघडत गेलें; रोजचा फरक इतका सूक्ष्म कीं त्यांच्या देहानें तो पचविला. शिवाय जंतु हें काम करीत असतां पाण्यांतील क्षार खर्चीं पडतात व तें हळूहळू आम्ल होत जातें. त्याचीही त्यांना संवय झाली होती. नव्या माशांना ह्या सर्व बिघाडाची किंमत एका रात्रींत मोजावी लागली. म्हणजे त्यांचा मृत्यु हाच त्या पाण्याविषयीं मिळालेला पहिला खरा पुरावा होता, आणि आम्ही मात्र तो पुरावा आणणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळे झालों होतों.

येथें माशांची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून वाचकांनीं स्वतःच्या अनुभवाकडे पहावें. एखाद्या कुटुंबांत नवी सून येते आणि महिन्याभरांत कोमेजूं लागते. एखाद्या शाळेंत नवा शिक्षक येतो आणि वर्षाच्या आंत राजीनामा देतो. एखाद्या कचेरींत नवा कारकून आजारी पडतो. जुनी मंडळी म्हणतात, आम्ही नाहीं का इतकीं वर्षें येथें काढलीं? आम्हांला कांहीं झालें नाहीं, तेव्हां खोट नव्या माणसांतच असली पाहिजे. हा युक्तिवाद आमच्या दुकानांतल्या युक्तिवादाहून तिळमात्र वेगळा नाहीं. जुन्यांचें टिकून राहणें हा पाणी चांगलें असल्याचा पुरावा नव्हे. पुष्कळदां तो केवळ संवयीचा पुरावा असतो. आणि संवयीचें दुःख असें कीं, जें सोसवतें तें दिसेनासें होतें. आमचे तीन मासे मजेंत आहेत असें आम्ही समजत होतों. परंतु जिवंत असणें आणि बरें असणें ह्यांतील अंतर माशानें आम्हांस कोणत्या भाषेंत सांगावें?

आतां मूळ प्रश्न: दोष कोणाचा? पाश्चात्त्य नीतिशास्त्रांत हेतूला फार महत्त्व आहे. कांटच्या मतें कृत्याची नैतिक किंमत त्यामागच्या संकल्पावर ठरते. शिवाय पशूंच्या बाबतींत आपलें प्रत्यक्ष कर्तव्य असें नाहीं, त्यांच्याशीं निर्दय वागल्यानें माणसांविषयींची दयाही बोथट होते म्हणून काय तें त्यांस जपावें, असें तो म्हणतो. ह्या मापानें मोजलें तर आमच्या घरांतील कोणीही दोषी नाहीं. मुलीचा संकल्प शुद्ध, मातोश्रींचा त्याहून शुद्ध. परंतु ह्या निकालानें मनाचें समाधान होत नाहीं, कारण मेलेल्या माशाच्या बाजूनें पाहिलें असतां संकल्पाच्या शुद्धतेनें पाणी शुद्ध होत नाहीं.

आमच्याकडील जैन विचारवंतांनीं ह्या बाबतींत अधिक खोल पाहिलें आहे, असें आम्हांस वाटतें. उमास्वातीनें तत्त्वार्थसूत्रांत हिंसेचें जें लक्षण केलें आहे त्यांत द्वेषाची अट घातलेली नाहीं. प्रमादानें, म्हणजे बेसावधपणानें, घडणारा प्राणघात तो हिंसा म्हणतो. ह्या एका शब्दानें सारा प्रश्न बदलतो. आमचा हेतु काय होता, हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. आम्ही सावध होतों का, एवढेंच विचारावयाचें. आणि त्याचें उत्तर सरळ आहे. आम्ही पाण्याकडे पाहत होतों, पण तें पहाणें शोभा पाहण्याचें होतें. तें स्वच्छ दिसलें कीं आमचें काम झालें. स्वच्छ दिसणें आणि निर्दोष असणें ह्यांत भेद आहे, हें शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं, त्यानें आपल्या घरांतील कांचेपलीकडे तो भेद पाहिला नाहीं, ह्याला प्रमाद ह्याहून सौम्य शब्द आम्हांस सांपडत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, नायट्रेट तर सृष्टींत सर्वत्र आहे. वनस्पतींचें तें अन्न आहे. शेतकरी तें विकत घेऊन शेतांत घालतो. मग त्याला विष कां म्हणावें? हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्यांतच आमच्या उत्तराचें बीज आहे. नदींत हेंच द्रव्य येतें आणि वाहून जातें. कांठचें गवत व लव्हाळे तें शोषून घेतात. तळच्या चिखलांत, जेथें हवा पोंचत नाहीं, तेथले निराळे जंतु त्याचा पुन्हां नायट्रोजन वायु करून तो आकाशांत सोडतात. नदी हें सारें काम अहोरात्र, कोणाकडून कांहीं न मागतां करते. आम्हीं चार कांचा जोडून त्या माशाला नदीपासून तोडलें. वाहणें बंद केलें, कांठ बंद केला, चिखल बंद केला, आणि आंत येणारी एकच वाट ठेवली, ती दाण्यांची. जें आंत येतें त्याला बाहेर जाण्यास वाट नसली म्हणजे अमृताचेंही विष व्हावयाचें. वॉरिंग्टनच्या पात्रांत गोगलगायींच्या अंड्यांवर बरेंच भागत होतें. आमच्या पेटींत डबींतून रोज नवा माल येत होता. जंतूंचा आणि वनस्पतींचा मेळ कितीही चांगला असला, तरी रोज भर घालून कांहींच न काढणारा संसार समतोल राहूं शकत नाहीं.

म्हणून आमचा सिद्धान्त असा: जो दुसऱ्या जिवाला कोंडतो, त्यानें त्या जिवासाठीं मोकळी सृष्टि जें जें करीत होती तें सारें आपल्या डोक्यावर घेतलें असें समजावें. हें ऋण आहे. आपल्या परंपरेंत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं आहेत. तीं जन्मानें येतात. हें चौथें ऋण आपण आपल्या हातानें काढतों, आणि पुष्कळदां काढल्याचें आपल्या ध्यानींही नसतें. माया हें त्या ऋणाचें व्याजसुद्धां नव्हे. आमच्या घरांत मायेनेंच तें वाढविलें. एक ग्रॅम दाण्यांत चाळीस टक्के प्रथिनें धरलीं, तर त्यांतील सगळ्या नायट्रोजनाचें सुमारें २८० मिलिग्रॅम नायट्रेट होऊं शकतें. शंभर लिटर पाण्यांत ही लिटरमागें जवळजवळ तीन मिलिग्रॅमची भर झाली. रोजच्या एका ग्रॅमची आठवड्याची भर वीसच्या घरांत जाते. अंगीं लागलेला व गाळांत अडकलेला भाग वजा करून ती दहा धरली, तरी जिला आम्ही प्रेमाची चिमूट म्हणत होतों तिचा हिशेब किती कठोर आहे हें दिसून येईल.

आतां ऋण फेडण्याची रीति. तींतही विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, भरणें म्हणजे बदलणें नव्हे. पेटींतून वाफ होऊन जातें तें निव्वळ पाणी. नायट्रेट मागें राहतें. वरून बादलीभर ओतली कीं पातळी पूर्ववत् होते आणि पाहणाऱ्यास वाटतें, तूट भरून निघाली. नव्या बादलींत थोडेंबहुत नायट्रेट असलें तर उलट भरच पडते. जुनें काढल्याशिवाय नवें घालणें ही केवळ मनाची समजूत होय.

दुसरी गोष्ट, शून्याचा हव्यास धरूं नये. आठवड्यास दहा मिलिग्रॅमची भर पडत असेल आणि दर आठवड्यास पाण्याचा चौथा हिस्सा बदलला, तर नायट्रेट वाढत वाढत चाळीसवर येऊन थांबतें. बदलल्यावर तीस, पुन्हां आठवड्याअखेर चाळीस. अर्धें पाणी बदललें तर तें विसावर थांबतें. दहावाच हिस्सा बदलला तर शंभरावर. नळाच्या पाण्यांतच जितकें नायट्रेट असेल तितकें ह्यांत मिळवावें. त्याच्याखालीं पाणी बदलून कोणासही जातां येणार नाहीं. ह्या हिशेबांतील खरें रहस्य असें कीं, पातळी ठरविणारी गोष्ट एखादा मोठा पराक्रम नसून नेम आहे. वर्षांतून एकदां सारी पेटी उपसून घासून काढणारा मनुष्य आणि दर रविवारीं दोन बादल्या बदलणारा मनुष्य, ह्यांत मासे दुसऱ्याच्या घरीं सुखी असतात. भर अर्धी केली तर पातळीही अर्धी होते, हेंही त्याच हिशेबांतून निघतें. म्हणजे देण्याचा हात आवरणें हें काढण्याच्या हाताइतकेंच कामाचें आहे. आमच्या घरीं हा नियम पाळणें सर्वांत कठीण गेलें. मातोश्रींना समजावण्यास रसायनशास्त्र उपयोगी पडलें नाहीं, “आई, तुम्ही नातवंडांना लाडवांनीं आजारी पाडलें असतें का?” असें विचारल्यावर मात्र त्या हंसल्या आणि डबी मुलीच्या स्वाधीन झाली.

तिसरी गोष्ट सुधारकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इतकें बिघडलेलें पाणी एका दिवसांत बदलूं नये. जुन्या आम्ल पाण्यांत असलेला अमोनिया बहुतांशीं निरुपद्रवी रूपांत पडून असतो; ताजें पाणी एकदम ओतून आम्लता घालविली कीं तोच जहाल रूप धारण करतो, आणि जे मासे घाणींत जगले ते स्वच्छतेनें मरतात. म्हणून आम्हीं, दुकानदाराच्या सांगण्यावरून, एक दिवसाआड दहावा हिस्सा, क्लोरीन घालविलेल्या पाण्यानें, बदलण्यास आरंभ केला. तळचा गाळ नळीनें थोडथोडा ओढून काढला. फिल्टरचा स्पंज नळाखालीं न धुतां काढलेल्या पाण्यांतच पिळला, कारण नळांतील क्लोरीननें काम करणारे जंतुच मेले असते. महिन्यानें नळींतला रंग लालाचा नारिंगी झाला, आणखी महिन्याभरानें त्यांत पिवळेपणा दिसूं लागला. मंदगति सुधारणा ही भित्रेपणाची खूण असते, असें तरुणपणीं आम्ही हिरिरीनें बोलत असूं. ती तशी असूं शकते. पण चालूं ठेवलेली मंदगति आणि थांबलेली गति ह्यांत भेद आहे. दर दिवसाआड बादली उचलणाऱ्याला मंद म्हणतां येईल, निष्क्रिय म्हणतां येणार नाहीं.

पेटीच्या कडेला आम्हीं मनीप्लांटची एक वेल लावून तिचीं मुळें पाण्यांत सोडलीं आहेत. ती नायट्रेट खाऊन वाढते. परंतु येथेंही एक अट आहे. पिकलेलें पान वेळीच काढून टाकलें पाहिजे. तें पाण्यांत पडून कुजलें तर घेतलेलें सारें परत देतें. दुसऱ्यावर भार सोंपविला तरी लक्ष ठेवण्याचा भार आपल्याकडेच राहतो.

काढलेलें पाणी कोठें जातें, हा प्रश्न आमच्या मुलीनें विचारला, आणि तो आम्हांस सुचला नव्हता ह्याची आम्हांस लाज वाटली. पहिले कांहीं दिवस आम्ही तें मोरींत ओतीत होतों. म्हणजे आमच्या दृष्टीआड करीत होतों. कोंडलेलें पाणी एवढ्याशा पेटींतच असतें असें नाहीं. शेतांतील खतें, गोठे आणि संडास ह्यांतून झिरपणारें हेंच नायट्रेट विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें अशी भारतीय मानक संस्थेची मर्यादा आहे. महाराष्ट्रांतील कित्येक जिल्ह्यांच्या विहिरींत ती ओलांडली गेल्याचें केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल सांगतात. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत कॉम्ली नांवाच्या डॉक्टरनें दाखवून दिलें कीं, अशा विहिरीच्या पाण्यांत कालविलेल्या दुधानें तान्हीं मुलें निळीं पडतात. मोठीं माणसें तेंच पाणी पिऊन धडधाकट असतात. नवा जीव प्रथम बळी पडतो आणि जुने म्हणतात आम्हांला कांहीं झालें नाहीं, ही गोष्ट येथें पुन्हां भेटते, आणि ह्या वेळीं ती माशांची राहत नाहीं. हल्लीं आमचें रविवारचें पाणी गुलाबाच्या आणि तुळशीच्या कुंड्यांना जातें. पेटींत जें विष होतें तें तेथें अन्न होतें. त्यानें जगाचा प्रश्न सुटत नाहीं हें आम्हांस कळतें. आमच्या बादलीचा तेवढा सुटतो.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इतकें ऋण जर डोक्यावर येतें, तर मासे कोंडावेच कशाला? ह्याचें निर्णायक उत्तर आमच्यापाशीं नाहीं. नव्यानें पेटी घेऊं इच्छिणाऱ्यास आम्ही आतां सहसा उत्तेजन देत नाहीं. परंतु जे घरांत आहेत त्यांना नदींत सोडून मोकळें होणें हा दयेचा केवळ भास आहे. गोल्डफिश चीन देशांत शतकानुशतकें माणसानें घडविलेला मासा आहे. आमच्या नद्या त्याच्या नव्हत, आणि तेथें तो तगला तर तिथल्या मूळच्या माशांच्या तोंडचा घांस घेईल. ज्याचें दार आपण बंद केलें त्याच्यासाठीं तें उघडणेंही आतां आपल्या हातीं राहिलेलें नाहीं. तो जगेल तोंवर, आणि गोल्डफिश दहा वर्षांहूनही अधिक जगतो, नदीचें काम करीत राहणें एवढेंच उरतें. ऋण काढणें सोपें, तें परत करून टाकणें अशक्य, आणि फेडीत राहणें मात्र शक्य, अशा ह्या तिढ्यांतच गृहस्थाश्रमाचें बरेंचसें नीतिशास्त्र सामावलें आहे. मुलें, म्हातारीं माणसें, आपल्या घरीं राबणारीं माणसें, आपले विद्यार्थी, ह्यांच्याभोंवतीं आपण ज्या भिंती घालतों त्या सगळ्याच कांचेच्या असतात असें नाहीं.

पाणी ताळ्यावर आल्यानंतर आम्ही त्या दुकानांत पुन्हां गेलों. मासे घ्यावयास गेलों नव्हतों. त्या दिवशीं जीं चार गिऱ्हाइकें हजर होतीं तीं अर्थात् आज नव्हतीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटलें. कारण ज्यांच्या देखत दोष दिला त्यांच्या देखत तो परत घेतां आला असता तर बरें झालें असतें. तरी जे होते त्यांच्या देखत आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला आणि म्हणाला, “सर, असें सगळेच येतात. परत येऊन सांगणारे कमी.” मग त्यानें विचारलें, “रविवारचें पाणी चालूं आहे ना?”

चालूं आहे, असें आम्हीं सांगितलें. ही ओळ लिहीत असतांना दिवाणखान्यांतून बादलीचा आवाज येत आहे. आज रविवार आहे, आणि पाळी आमची आहे.